राळ

वेळगिरीकरांच्या नाटकात वीस वर्षं मी राक्षस.
तोंडाला हिंगूळ, भुवया काजळाच्या,
कमरेला घुंगरांचा पट्टा, आठ शेर वजनाचा.
मशालजी राळ फेकायचा, भक्कन जाळ उठायचा
आणि जाळातून मी: अललल... डुर्रर्र!
पुढच्या रांगेतली पोरं मागच्या रांगेत.
एकदा खुद्द महाराज दचकले, पानाचा डबा कलंडला,
म्हणून मला शालजोडी मिळाली.
ती पुढे मिरजेत गहाण पडली, ते वेगळं.

महाराज गेले. गादीवर अज्ञान मूल,
मुलावर कारभारी, कारभाऱ्यावर साहेब.
साहेबाने वहीत रेघ मारली:
हत्तीखाना, नाटकखाना.
एकाच रेघेखाली आम्ही आणि हत्ती.
हत्तीला गिऱ्हाईक मिळालं.
आम्ही सात गाड्या जुंपल्या.

सोलापुरात पोचलो ते गड्ड्याच्या दिवसांत.
गाव तीन भाषांत भांडत होतं
आणि तिन्ही भाषांत उधार मागत होतं.
जागा मिळाली स्टेशनाजवळ,
मल्लप्पा शेटजींच्या कापसाच्या वखारीत.
शेटजींनी छताला टेकलेल्या गाठी दाखवल्या:
"ओ, इथं बिडीसुद्धा नको."
झालं. माझी राळ तिथेच विझली.

दिगंबर मास्तर याचीच वाट बघत होते.
पुण्याला शिकलेले, जोड्यांचा आवाज न करता चालणारे.
"भुजबा, आरडाओरडा म्हणजे नाटक नव्हे.
माणसाने माणसासारखं बोलावं,
आणि बाडात आहे तेवढंच बोलावं."
सूत्रधाराच्या झांजा पेटीत गेल्या,
गणपतीची सोंड दिवाणजीकडे जमा,
विदूषक तिकिटं फाडायला बसला.
मला पडद्याची दोरी दिली.

पडदा नवा. नरसय्या येमूलने विणलेला,
गर्द निळा, अजून खळीचा वास येणारा.
अर्धी मजुरी रोख, अर्धीचे पास.
नरसय्या सहकुटुंब पुढे जमिनीवर बसला
आणि पडदा वर गेला तसा हळहळला.
त्याच्या लेखी खेळ तिथेच संपला होता.

खेळ एका विधवेचा.
नारू तिकोटेकर, वय सोळा.
मास्तरांनी न्हावी बोलावून त्याचं डोकं खरंच उतरवलं.
दिवसभर पोरगा कुणाशी बोलला नाही.
रात्री लाल आलवणात बसला, भिंतीशी, एवढासा.
बाहेर पौषातली थंडी, आत बाडातला उन्हाळा.
निर्जळी एकादशी. सासरा पोथी वाचतो.
ती रांजणाकडे बघते.
बस्स, इतकंच.
मला वाटलं, आता लोक उठतील.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
वीस वर्षं ओरडून मी लोकांना हलवलं होतं,
असं थांबवलं नव्हतं कधी.

तेवढ्यात चिकाआडून, बायकांच्या बाजूने,
कुणा म्हातारीचा आवाज:
"अगं बाई, पाणी तरी द्या तिला."

मास्तर भराभरा बाड उलटू लागले.
नारूने माझ्याकडे पाहिलं. ओठ सुकलेले,
खरेच सुकलेले. सकाळपासून त्याला
घोटभर दिलं नव्हतं, काम पक्कं वठावं म्हणून.
मी दोरी खुंटीला गुंडाळली.
माझाच तांब्या उचलला
आणि निघालो. जाळ नाही, घुंगरू नाहीत.
पाय कुठे टाकावा कळेना;
माणसासारखं चालायची
तिथे सवयच नव्हती मला.
तांब्या ठेवला. तो घटघटा प्यायला.
पुरुषांतून एक ओरडला, "धर्म बुडाला!"
दुसरा म्हणाला, "बस बे खाली."
चिकाआड बांगड्या वाजल्या, मग तेही थांबलं.

रात्री हिशेबात चार आणे दंड:
बाडाबाहेर प्रवेश केल्याबद्दल.

बार्शीच्या मुक्कामी मास्तरांनी
शाईने ओळ वाढवली:
'एक वृद्ध पाणी आणून ठेवतो.'
काम भिकोबा कुडाळकराला दिलं,
त्याचा आवाज मऊ आहे म्हणून.
वृद्धाला बोलायचं काहीच नाही.

मी दोरी ओढतो.
तांब्या अजून माझाच वापरतात.