पुढच्या हिवाळ्यासाठी

मे महिना. नदीवरचा बर्फ काल फुटला,
तोफ उडावी तसा आवाज झाला
आणि बत्तीसच्या बत्तीस कुत्री एका सुरात रडली.
आता इथे रात्र म्हणावी अशी उरलेली नाही.
अकरा वाजता स्वयंपाकघरात ऊन येतं,
टेबलावरच्या खाद्याच्या रिकाम्या पोत्यावर पडतं.
पोतं उसवून मी कोरी बाजू वर केली आहे.
सुताराची जाड पेन्सिल घेतली आहे.

आइलो म्हणतो, ध्येय आकड्यांत लिहायचं असतं.
आइलो एकोणीस वर्षांचा आहे.
त्याच्या फोनमध्ये माझा मागचा हंगाम आलेख होऊन पडलाय:
वेग, विश्रांती, हृदयाचे ठोके,
आणि शेवटी एक सपाट रेघ.
नव्वद किलोमीटर राहिले होते.

त्या रेघेत काय आहे ते फोनला माहीत नाही.
पठारावर समोरून वारा होता,
आणि स्कार्व, सहा हंगाम सगळ्यांच्या पुढे धावलेला स्कार्व,
वळला, माझ्याकडे बघितलं, आणि बसला.
लंगडत नव्हता. फार दमलाही नव्हता.
दुकानातून परतताना म्हातारं माणूस
कुणाच्याही पायरीवर टेकतं, तसा.
मी ओरडले. तीनदा.
तिसऱ्या वेळचा माझा आवाज
अजून कानातून जात नाही.
मग स्लेज आडवी टाकून पाच तास,
तेरा कुत्री आणि मी,
स्नोस्कूटरचा दिवा दिसेपर्यंत.

तर, आकडे.
सहा दिवसांच्या आत, असं लिहिते,
इतकं दाबून की कागद फाटतो.
पहिल्या दहांत. खोडते.
पहिल्या विसांत. हेही खोडते,
हे हातचं राखून बोलणं झालं,
आणि कुत्र्यांसमोर ते चालत नाही, त्यांना वास येतो.

ऑगस्टपासून खडीच्या रस्त्यावर सराव.
गुडघ्यासाठी आल्ताच्या बाईंना फोन.
दर थांब्यावर आधी त्यांचे पाय, मग माझं सूप:
बावीस वर्षं हे मला पाठ आहे, तरी लिहिते,
कारण चौथ्या रात्री माणूस
पाठ असलेलंच आधी विसरतं.
रूनाला पुढे जुंपून बघायचं. भित्री आहे,
पण वारा ऐकते.
झोपायचं. याच्याखाली दोन रेघा.

आतल्या खोलीतून होल्गेर विचारतो,
अजून किती वर्षं?
ते यादीत नाहीये, मी म्हणते.

बाहेर तारेवर धुतलेले पट्टे वाळतायत.
स्कार्व आता मोकळाच असतो, पायरीवर,
निवृत्त, पोट सुटलेलं.
शिवण तपासायला मी एक पट्टा खाली घेतला
तर तो उठला, जरा वेळ लागला त्याला,
आला, आणि डोकं घातलं पट्ट्यात,
जसं काही झालंच नव्हतं:
पठार, वारा, मी.

बकल लावलं नाही. पट्टा काढूनही घेतला नाही.
तसाच घालून हिंडला तो अंगणभर,
चिखलात, अर्ध्या वितळलेल्या बर्फात,
आणि कुंपणाआडची पोरं त्याच्यावर भुंकत राहिली.

आत येऊन मी आकडा खोडला, असं काही नाही.
सहा दिवस मला हवेच आहेत.
फक्त वर, कोपऱ्यात, जागा होती तेवढ्यात लिहिलं:
कुणी बसलं, तर आधी शेजारी बसायचं.

सकाळी यादीच्या तळाशी आइलोचं अक्षर:
चरबी संपली. चाळीस किलो सांगू?