झाडलोटीचा भाव

सांगलीत, महापालिकेच्या सभागृहात
एसी गळतोय, त्याच्याखाली बादली.
पडद्यावर त्यांचा देश : हिरवा, धुऊन वाळत घातलेला,
मधोमध उंच चिमणी.
तिच्यातून म्हणे फक्त वाफ निघते.

पाहुणे बोलतात, मी मराठीत करते :
"आमचा कचरा आम्हाला पुरत नाही.
शेजारचे देश पाठवतात, वर पैसेही देतात.
आता आमचं ज्ञान तेवढं बाहेर धाडायचं राहिलंय."
ज्ञानापाशी मी अडखळले.
त्यांचा शब्द जरा हातातला होता, कसब म्हणावं असा,
पण कसब टेंडरात बसलं नसतं.

उपायुक्तांनी टनामागचा भाव विचारला.
मला अण्णांचा काटा आठवला,
काचेच्या पेटीतला,
श्वास लागला तरी हलणारा.

सतराव्या वर्षी भाळवणीतून उठले,
त्रिचूरला मामाच्या भट्टीवर गेले.
धंदा दुसऱ्याच्या केराचा.
सोनाराच्या दारात बसून विकत घ्यायची
फरशीवरची धूळ, हात धुतलेलं पाणी,
फाटकं पायपुसणं,
कारागिराचा वर्षभर अंगात असलेला बनियन.
चिमूटभर धूळ अंगठ्यावर चोळून सांगायचे,
"पावणेदोन ग्रॅम. जास्ती न्हाई."
मग जाळायचं, चाळायचं,
शिसं, टाकणखार, मूस,
मग तेजाब.
रात्री उशिरा तळाशी
ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा थेंब.
अंदाज फार तर केसभर चुकलेला.

तिकडे त्यांना शेट म्हणत, इकडे गलाईवाला.
तज्ज्ञ कुणी म्हटलं नाही.
आमच्या आळीत घरांची नावं गुंटूर, मदुराई,
एकाचं नुसतं 'काठमांडू'.
दिवाळीला पारावर पत्ते पडायचे
ते पाच भाषांतल्या शिव्यांनी.
एवढा माल गावानं बाहेर पाठवला,
पण त्याचा पडदा कुणी कधी लावला नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना डेपो दाखवला.
सगळ्यांना नवे बूट दिले होते, मलाही.
कलाबाई लोंढे अनवाणी नव्हती,
तिच्या दोन पायांत दोन जातीच्या चपला.
उचललेल्या डब्यावर ती टिचकी मारायची
आणि कान द्यायची.
"ह्यो कडक वाजतोय, बावीस रुपये.
ह्यो मऊ. नऊ."
पाहुण्यांनी मोबाइल बाहेर काढला.
आमच्या यंत्राला याच कामासाठी
किरण सोडावा लागतो, म्हणाले,
आणि हिला हे कळतं कसं, ते विचार.

मी विचारलं.
कलाबाईनं डबा पोत्यात टाकला.
"सांगते की. द्यायचं किती, ते इचार त्यास्नी."

मी इमानानं इंग्रजीत केलं.
पाहुणे मोकळे हसले, त्यांना विनोद वाटला.
उपायुक्त हसले, कारण पाहुणे हसले.
कलाबाई पुढचा डबा वाजवत होती.

रात्री अण्णांना फोन लावला.
तेजाबाच्या वाफेनं दात चाळिशीतच गेले त्यांचे,
'स' आणि 'श' हवेत सांडतात.
सगळं सांगितलं : पडदा, बूट, टनाचा भाव,
आणि ती चिमणी,
जिच्यातून फक्त वाफ निघते.

पलीकडे नुसता खोकला, मग तोही नाही.
मला वाटलं झोपले.
"बरं," अण्णा म्हणाले,
"राख कुठं टाकत्यात
ते इचारलंस का?"