शीव

पाराश्कीवाच्या परसातून जाते ती रेघ,
इलिंकाने नकाशावर लाल पेन्सिलीने ओढलेली.
अलीकडे रोम.
पलीकडे, कोंबड्यांच्या खुराड्यापासून पुढे,
बाकीचं सगळं जग.

"मग माझी चूल कुठल्या बाजूला गं?"
इलिंका फीत धरते, मोजते,
उंबऱ्याशी अडते.
चूल तिकडे. खाट इकडे.
"म्हणजे लग्न झाल्यापासून मी
रानटी मुलखात रांधते
आणि साम्राज्यात निजते," म्हातारी म्हणते,
आणि आलुबुखाराची दारू तीन पेल्यांत ओतते;
चौथा, कडेला टवका उडालेला,
बेनेदेकसाठी, जो खड्ड्यात उभा आहे
आणि कशालाच नाही म्हणत नाही.

मेसेशच्या डोंगरात आज सतरावा दिवस.
बुरूज सापडलेला नाही.
सापडली ती खांबाची जागा:
लाकूड कुजून गेल्यावर
मातीत उरलेला काळपट गोल, ताटाएवढा.
माझं काम थर रेखायचं.
ढेकूळ ओलं करून रंगांच्या पुस्तकाशी ताडायचं,
जुळला त्या रंगाचा आकडा वहीत लिहायचा.
पाराश्कीवा वाकून बघते: "करपलेल्या सायीसारखी आहे."
मी दोन्ही लिहिते.

आणि खिळे. जोड्याच्या तळव्याचे,
गंजून वाटाण्याएवढे फुगलेले,
एकशे बेचाळीस.
मी एकेक ठिपका कागदावर मांडत गेले
तसे ते सगळे दक्षिणेला गोळा झाले,
आतल्या अंगाला,
जिकडून रस्ता यायचा, पगार यायचा, मीठ यायचं.
शत्रूच्या बाजूला फक्त नऊ.
त्या रात्री मला झोप आली नाही.
मनात म्हटलं, पहाऱ्यावरचा तो माणूस
शिवेकडे पाठ करून उभा राहायचा,
घराकडे तोंड करून.
सकाळी बेनेदेकला सांगितलं.
त्याने फावडं टेकवलं, नाक पुसलं.
"वारा उत्तरेचा असतो इथे," म्हणाला,
"कुणीही आडोशालाच उभा राहील."
इलिंकाने अहवालात वारा लिहिला.

डुकराच्या खोपटाच्या भिंतीत एक दगड आहे,
उलटा बसवलेला.
पाराश्कीवाच्या सासऱ्याने बैलगाडीतून खाली आणला,
चांगला चौकोनी मिळाला म्हणून.
खाली डोकं वर पाय करून
इलिंका वाचते: "...लिउस. घोडदळात.
सेवा केली वर्षं..."
पुढचं गुळगुळीत.
किती वर्षं, तो आकडा
डुकरांनी पाठी घासून घासून नेला.

संग्रहालयाला तो हवा आहे.
म्हातारी ऐकून घेते,
मग जनावराच्या कानामागे खाजवत विचारते,
"आणि हिने पाठ कुठे घासायची?
तुमच्या संग्रहालयात?"
इलिंका हसते, मग हसत नाही,
मग ओला कागद दगडावर थापून
अक्षरांचा ठसा घेते.
ठसा वाळेपर्यंत डुकरीण बाहेर,
फार नाराज.

शेवटच्या दिवशी खड्डा बुजवला.
तळाशी बेनेदेकने यंदाचं नाणं ठेवलं.
रीत आहे तशी: पुढे कुणी खणलंच
तर इथवर कुणी तरी येऊन गेलं, हे त्याला कळावं.
पाराश्कीवा काठाशी आली, डोकावली.
"एवढ्याशा पैशात काय येतं?" म्हणाली.
एप्रनच्या खिशातून तो टवका उडालेला पेला काढला
आणि बेनेदेकच्या हाती दिला.
त्याने तो नाण्याशेजारी, उपडा,
जरा जास्तच हळू ठेवला.

पेल्याची नोंद कुठेच नाही.
माझ्या चित्रात तिथे
सरळ माती आहे, रंगाच्या आकड्यासकट.

आम्ही माती लोटली, पायांनी दाबली.
सामान गाडीत चढवलं.
दिवस कलला होता.
ती वळली, खुराड्याचं दार लावलं,
उंबऱ्यावर जोडे काढले
आणि गेली
परमुलखात,
चूल पेटवायला.