सव्वादोनची नोंद

तळाशीलच्या खाडीवर दोन खुर्च्या,
मधे थर्मास, टेपरेकॉर्डर
आणि वहीचं एक पान:
काय ऐकू आलं तर मी हरलो,
हे परुळेकर मास्तरांनी आधीच लिहिलेलं, सहीनिशी.
खाली लवू मिठबावकरचं:
काय निघालं तर मी गप्प.

अमावास्या. ओहोटी लागलेली.
सव्वादोनला पाण्यात कुणीतरी
माणसासारखं खोकलं.

गिऱ्हा, असं लवू म्हणाला नाही.
ऊद, असं मास्तर म्हणाले नाहीत.

टेप तीनदा ऐकली.
"ऊद आसतलो," लवूच म्हणाला,
"थयसर चिपीत पिल्लां आसत."
मास्तरांनी टेप पुन्हा मागे फिरवली.
"उदाची शीळ असते रे. हा खोकला.
मला नाही ठाऊक."
छत्तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून
हे वाक्य त्यांच्या तोंडी
किती वेळा आलं असेल, कोण जाणे.

लवूने बॅटरीच्या उजेडात लिहिलं: 'ठाउक नाही'.
मास्तरांनी फक्त उ दीर्घ केला.

खुर्च्या मिटताना
ते परत खोकलं, अगदी जवळ.
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
टेप संपलेली होती,
म्हणून वहीत घेतलं नाही.