माया न ठेवता

मालवणहून पार्सल आलं एसटीनं.
पैठणच्या स्टँडवर हमाल म्हणाला, काय हाय, टायर का?
वास तसाच होता.

तीन सूट. तीन मिलिमीटरचा, पाचचा, सातचा.
एक ठेवायचा, दोन परत.
जायचं-यायचं भाडं माझ्याकडे.

घरात एप्रिल. पंखा गरम हवाच वाटत फिरतोय
आणि मी थंडीचं निवडत बसलेय.
आपल्याकडं कसली गं थंडी, शेजारची कौतिकबाई.
तिला काय सांगू,
धरणाच्या भिंतीला धरून उतरलं की
वरचं पाणी उन्हात ठेवलेल्या बादलीसारखं,
मग एक रेघ लागते,
डोळ्यांना दिसत नाही, कानशिलांना कळते.
रेघेखाली अजून जानेवारीच चालू असतो.

अण्णा लंगोटावर उतरायचे,
अंगाला करडीचं तेल चोपडून, दातात सुतळीचं टोक.
वर आले की काडी दुसऱ्यानं ओढायची,
त्यांची बोटं बिडीपर्यंत पोचायची नाहीत.
किती गार होतं, विचारलं तर म्हणायचे,
पाणी होतं.

तीनचा सहज चढला.
समुद्रासाठी बरा, म्हणून बाजूला.
सातच्यात मी बुजगावणं, हात खाली येईनात,
शिवाय तो बुडूच देत नाही म्हणे,
कमरेला शिसं वाढवत न्यायचं.
पाचच्यासाठी पायांत किराणाच्या पिशव्या चढवल्या,
आई एका पायाशी, मी दुसऱ्यावर उड्या मारत,
घामानं रबर चिकटलेलं, दोघी हसून बेजार.

एक नंबर मोठा घे, आई म्हणाली. वाढतं अंग.
मी सव्वीस वर्षांची आहे, आई.

पण तिचा दोष नाही.
माझे सगळे फ्रॉक वाढत्या अंगाचे होते,
दरवर्षी एक दुमड उसवायची,
जुन्या दुमडीची गडद रेघ गुडघ्यावर मिरवत
मी सातवी पास झाले.
ब्लाउज शिवायला टाकतानाही
ती दारातून परत फिरायची,
मुनीरचाचा, आत माया ठेवा हो.

मुनीरचाचांनाच बोलावलं शेवटी.
गळ्यात टेप, चष्मा कपाळावर.
माझ्या पाठीवरून बोटं फिरवत
कमरेच्या खळग्याशी थांबले. इधर झोल है, बेटा.
मग शिवण उलटून बघितली, पुन्हा बघितली.
इसमें तो माया ही नहीं रखी.
मेरी सुई का काम नहीं.

मालवणचे सर फोनवर म्हणाले, तो पुरुषी कट आहे,
छातीला आवळणार, कमरेला सुटणार.
थोडं पाणी आत येणारच, येऊ दे,
तुझ्या अंगानं तापव त्याला आणि जाऊ देऊ नकोस.
झोल असला तर दर हालचालीला नवं पाणी,
तू तापवत बसशील, ते निघून जाईल.

माझं कामही तेच की.
धरणाच्या दाराच्या कडेला रबराची पट्टी असते,
काळोखात ती बोटांनी चाचपत जायचं,
कुठं ढिली पडली, कुठून पाणी निसटतंय.

बायकांच्या मापाचा पाचचा मागवायचा तर फॉर्म आला.
सतरा मापं. मान, दंड, मनगट, मांडी, पोटरी,
खांद्यापासून जांघेतून परत खांद्यापर्यंत.
बघायला आलेल्यांनी फक्त उंची विचारली होती,
तीही आईनं दोन इंच वाढवून सांगितली.
आता ती टेपचं टोक धरून जमिनीवर बसली,
आकडा वाचायची, क्षणभर थांबायची,
आणि जो होता तोच सांगायची.

पाचचा धुऊन, उलटा करून, सावलीत टांगला.
कौतिकबाई दचकली, म्हणाली कोण लटकलंय.
आई बाही पिळायला गेली, मी ओरडले,
तर नुसती हातात धरून उभी राहिली,
कोपरातून पाणी ठिबकत होतं.

फॉर्मच्या तळाशी एक चौकट होती, काही सूचना असल्यास.
आई म्हणाली, लिही की,
बोटभर तरी.
चौकट कोरी ठेवून मी फॉर्म पाठवला.
आईला म्हटलं, लिहिलंय.