तासाच्या भावाने

मी कधी खेळले नाही. मी घड्याळ बघायची.
कारुआरूच्या बाजारामागे, चामडं शिवणाऱ्यांच्या गल्लीत
तीन टीव्ही, तीन बाकं,
आणि पाटीवर खडूने तासाचा भाव.
तो सारखा पुसावा लागे, कारण पैशाचं नावच बदलायचं.
क्रुझादो गेला, क्रुझेरो आला, नोटांवरची शून्यं छाटली गेली,
पोरांच्या खिशात चिल्लर तेवढीच.

आता लोक विचारतात: झुलेइदे,
एवढ्या वर्षांत सगळ्यात भारी काय पाहिलंस?
पडद्यावरचं मला काय ठाऊक?
माझं टेबल टीव्हींच्या मागे होतं.
मी तोंडं पाहिली.

पहिल्या पेटीच्या काळात माणूस म्हणजे मोजून बारा चौकोन.
नुसता उजवीकडे चालायचा, मागे फिरणं त्याच्या नशिबात नव्हतं.
खड्डा आला की तो उडायचा,
आणि बाकावर व्हाल्देमीर ढुंगणासकट चार बोटं उडायचा,
आणि त्याला चिकटलेले सहाजण.
कॅसेट अडली की फुंकर.
किती थुंकी प्यायल्या असतील त्या कॅसेटी, देव जाणे.

दुसऱ्या पेटीत डोंगर सुटे झाले.
झाडं भराभर मागे पडत, डोंगर रेंगाळत.
जुसारा, दर शनिवारी ट्रकच्या टपावरून मामाकडे जाणारी,
म्हणाली, असंच असतं.
जवळचं पळून जातं. लांबचं आपल्यासोबत येतं.
तिने राक्षसांना हातही लावला नाही,
अर्ध्या तासाचे पैसे देऊन नुसती इकडून तिकडे चालत राहिली.

मग चकती आली.
एदिवाल्दोने अंगठा फिरवला आणि अख्खं जग वळलं.
झाडाला पाठ फुटली.
कुणी काही बोललं नाही.
सगळ्यात धाकटा, खोगीरवाल्याचा नातू, उठला,
टीव्हीला वळसा घालून माझ्या बाजूला आला:
वायरी, धूळ, एक वाळलेलं झुरळ.
माझ्याकडे असा बघत राहिला, जणू झाड मीच लपवलं होतं.
त्याला मी दहा मिनिटं फुकट दिली.
उभ्या आयुष्यात एकदाच.

आणि ती रात्र, विजेच्या रेशनच्या वर्षातली.
शेवटच्या राक्षसाला एक टोला बाकी, आणि दिवे गेले.
अंधारात आधी शिवी. मग हसू.
मग कुणीतरी (कोण, ते आजवर कळलं नाही)
त्या लढाईचं संगीत तोंडाने वाजवायला लागला.
दुसरा ढोल झाला, तिसरा तलवार,
राक्षस व्हाल्देमीर झाला आणि फार वेळ घेऊन मेला.
मेणबत्ती सापडली होती मला.
मी पेटवली नाही.

पुढे वायर गेली. वायरीमागून बाक गेलं.
पोरं घरी बसून जगाशी खेळू लागली.
एक दिवस एदिवाल्दो सांगायला आला, टक्कल पडलेला एदिवाल्दो,
की रात्री समुद्रापलीकडच्या कुणालातरी हरवलं,
आणि हरल्यावर, दोना झुलेइदे, त्याचा माणूस कमरेत वाकला.
आम्ही दोघं गप्प बसलो.
दुकानात गिऱ्हाईक तो एकटा, आणि तोही
आता गिऱ्हाईक नव्हता.

दुकान रिकामं केलं त्या दुपारी
दुसरी पेटी लावून पाहिली, जुन्या वस्तूंचा व्यापारी येणार होता म्हणून.
पहिल्यांदाच पडद्यासमोर बसले.
कंट्रोलर बाकावर, हातात टापिओका.
तो माणूस उभा. मी खातेय.
जरा वेळाने त्याने पाय आपटला.
मग आभाळाकडे पाहिलं.
मग टोपी काढली, खाली बसला,
गुडघ्यांना मिठी मारून.

एवढी वर्षं त्याला हे येत होतं!
पण मिनिटाला पैसे पडत होते, त्याला बसू देणार कोण?

व्यापाऱ्याने दारातूनच विचारलं, चालतं ना हे?
चालतं, म्हटलं.
बसतंही.