आवाज येतोय तोवर

सोहारला जुलैत एसी कुणी बंद करत नाही.
मी केला.
शुक्रवार, सकाळचे सव्वानऊ.
घरात मी, सात महिन्यांची ऋजुता,
आणि तिच्या उंच खुर्चीच्या ताटलीत
वाफवलेल्या लाल भोपळ्याच्या तीन फोडी,
माझ्या बोटाएवढ्या लांब.

मृदुला ड्यूटीवर जाताना चपला घालता घालता म्हणाली,
दोन बोटांत धरून दाब.
चेपली तर दे, नाहीतर पुन्हा वाफेला ठेव.
मी इतक्या दाबून पाहिल्या
की चौथी फोड चौथी राहिलीच नाही,
बोटं चाटून घेतली.

माझं कामच हे.
रिफायनरीत व्हॉल्व्ह तपासायचे,
कुठल्या पाइपात काय अडकेल
याची आधीच काळजी करायची.
अकरा वर्षं माझ्या पाळीत अपघात नाही.
त्याचं प्रमाणपत्र फ्रिजवर लावलंय
आणि त्यावरच आता मृदुलाच्या अक्षरातली चिठ्ठी:
द्राक्ष उभं चिरून, चार तुकडे.
कच्चं गाजर नाही. शेंगदाणा नाही.
पॉपकॉर्न, विचारूसुद्धा नकोस.

उष्टावणाला मामा आला होता अकोल्याहून, स्क्रीनवर.
खिरीचा चमचा इथे मी धरला
आणि तिकडे त्यानेच आ केला.
आई चिपळूणहून अजून रोज सांगते,
गुरगुट्या भात दे रे,
तो कधी कुणाच्या नरड्यात अडकलाय का?
वर्षाचा होईतो तुला मी सगळं घोटूनच घातलं.
खरं आहे.
अजूनही मी माशाचा तुकडा
काट्याच्या भीतीने तीनदा उलटापालटा करतो.

खालच्या मजल्यावरच्या उम्म सालिम,
सात मुलं वाढवलेल्या,
परवा जिन्यात हिला बघून थांबल्या.
खजुरातली बी काढली,
अंगठ्याने दाबून पापडासारखा चपटा केला
आणि माझ्या हातावर ठेवला, हिच्यासाठी.
शुक्रन म्हणालो.
वर येऊन दाराआड मीच खाल्ला.

आता हिने फोड उचलली.
मुठीत आवळली, अर्धी कोपरापर्यंत ओघळली,
थोडी कानात गेली.
उरलेली तोंडात.

ऑक्क.

जीभ बाहेर, चेहरा टोमॅटो,
डोळ्यांत पाणी.
माझा हात अर्ध्या वाटेवर,
आणि तोंडातून आपोआप
वर बघ, वर बघ,
जणू छतावर कुणी चिऊ बसलीय.

बोट घालू नका,
क्लिनिकमधल्या शीबा सिस्टरनी बजावलं होतं,
बोटाने घास आत जातो.
खोकतेय, ओकारी काढतेय, आवाज येतोय,
तोवर श्वास चालू आहे. तिचं तिला करू द्या.
गप्प झाली, ओठ निळे पडू लागले, तर मात्र
पालथी घ्या हातावर, डोकं खाली,
पाठीत पाच थापा.
कापडी बाहुलीवर मी त्या एवढ्या मारल्या
की शेवटी त्या म्हणाल्या, भाऊ, पुरे.

प्लांटवर सगळं उलटं असतं.
तिथे आवाज झाला की पळायचं,
शांतता असली की चहा.
अकरा वर्षं कान तसेच घडलेत.
इथे मी त्या ऑक्क-ऑक्कला धरून बसलोय,
घाम मानेवरून बनियनमध्ये उतरतोय,
हात मांडीखाली दाबून ठेवलेत, माझेच.

मग जिभेवरून फोड घसरली,
लाळेसकट लाळेऱ्यावर पडली.
तिने तिच्याकडे पाहिलं.
माझ्याकडे पाहिलं,
हे काय होतं, असं.
आणि तीच पुन्हा उचलली.

मृदुलाचा मेसेज: काय चाललंय?
भोपळ्याच्या बोटांनी लिहिलं:
आवाज येतोय.
तिला कळलं असावं. उत्तर आलं नाही,
कुणाची तरी नस शोधत असेल.

दुसरी फोड मी पुढे सरकवली.
एसी लावला.
त्याच्या घरघरीतही ऐकू येत होतं
हिरड्यांनी काहीतरी चिरडल्याचं,
बारीक, ओलं, न थांबणारं.